जंगल मूळचं माळावरचं

आंबोलीचा पावसाळी रील आला की खाली हमखास लिहिलेलं असतं : ‘घनदाट जंगल’. गंमत अशी, की ‘जंगल’ हा शब्द ज्या संस्कृत शब्दावरून आला, त्याचा अर्थ जवळपास उलटा होता.

चरक आणि सुश्रुत संहितांमध्ये भूमीचे तीन प्रकार सांगितलेत : जांगल, आनूप आणि साधारण. आनूप म्हणजे पाणथळ, दमट, दाट झाडीचा प्रदेश. जांगल म्हणजे कोरडा आणि मोकळा. वर भरपूर आकाश, खाली खैर-शमीसारखी विरळ, काटेरी झाडं, आणि त्यांच्यामधून फिरणारी हरणं, तित्तिर, लावे. महाभारतातल्या ‘कुरुजांगल’ या नावातही हाच शब्द आहे. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच अभ्यासकाने १९८२ मध्ये या जांगल-आनूप भेदावर अख्खं पुस्तक लिहिलं.

पुढे लोकभाषांमध्ये ‘जंगल’ म्हणजे नांगराबाहेरची, बिनलागवडीची जमीन असा अर्थ रुळला. इंग्रजीत तो याच वाटेने शिरला. हालहेडच्या १७७६च्या कायदेसंग्रहात पाच वर्षं पडीक राहिलेल्या जमिनीला ‘जंगल’ म्हटलंय. दाट, गुंतलेल्या झाडीचा अर्थ नंतर चिकटला. १८९४ मध्ये मोगलीची गोष्ट आली आणि शब्द जगभर गेला. खरं तर मोगलीचं सिवनीही पानगळीच्या झाडांचं, वर्षावनाचं नव्हे.

‘वर्षावन’ ही संज्ञा मात्र वनस्पतिशास्त्रातली. जर्मन शास्त्रज्ञ शिंपर याने १८९८ मध्ये ती रूढ केली. भरपूर पाऊस, बारमाही हिरवी उंच झाडं, आणि एकमेकांना भिडलेल्या शेंड्यांचं छत. या छतातून जमिनीपर्यंत जेमतेम दोनेक टक्के उजेड पोचतो, त्यामुळे खाली झुडपं फारशी माजत नाहीत. जुन्या वर्षावनात माणूस बऱ्यापैकी सहज चालू शकतो. कोयत्याने वाट काढावी लागते ती नदीकाठी किंवा झाडं तुटून ऊन आत शिरलंय तिथे. म्हणजे आज आपण ज्याला ‘जंगल’ समजतो ती गच्च झाडी पुष्कळदा वर्षावनाची जखम भरत असल्याची खूण असते.

शब्दांचा हा गोंधळ सरकारी नकाशातही उतरलाय. भारतीय वन सर्वेक्षणाच्या हिशेबात एक हेक्टर किंवा त्याहून मोठी, दहा टक्के किंवा जास्त वृक्षछत्र असलेली कुठलीही जमीन ‘वनाच्छादन’ ठरते. झाड कुठलं, मालकी कोणाची, याने फरक पडत नाही. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे नैसर्गिक झाडी तोडून रबराच्या बागा उभ्या राहिल्या. बाग वाढली की उपग्रहाला तिथे पुन्हा हिरवंच दिसतं.

उलट सोलापूरजवळचा नान्नजचा माळ बघा. गवत, काळवीट, माळढोकाचं घर. चरकाने पाहिला असता तर त्याला हाच ‘जांगल’ वाटला असता. नान्नजला अभयारण्याचं संरक्षण तरी मिळालं. पण असे कितीतरी झुडपी, गवताळ माळ पडीक जमिनींच्या नकाशात जाऊन बसलेत. तिथे धनगरांची मेंढरं चरतात, लांडगे पिल्लं वाढवतात. पडीक म्हटलं की जमीन ‘उपयोगात आणायला’ मोकळी होते : कधी कारखान्यासाठी, कधी चक्क झाडं लावायला. माळढोकाला मात्र लांबवर नजर जाईल असं उघडं रान लागतं.

जूनमध्ये एखाद्या माळावर रोपं लावायचं बोलावणं आलं, तर आधी तिथे कोण राहतं आणि कोण चरायला येतं, एवढं विचारून घ्या.