‘सर’ची गोष्ट

गेल्या सत्रात आम्ही उपसर्ग शिकवीत होतो. प्र, परा, अप, सम् ही संस्कृत मालिका संपवून फारसी उपसर्गांकडे वळलो आणि फळ्यावर ‘सरपंच’ लिहिले. ‘सर’ म्हणजे काय, असे विचारताच एक विद्यार्थी उठून म्हणाला, “इंग्रजीतला सर. गावचे मोठे, म्हणून सर.” वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण घरी परतताना लक्षात आले की, हे उत्तर चुकीचे असले तरी हास्यास्पद मुळीच नव्हते. ज्या मुलाच्या तोंडी दिवसातून वीस वेळा इंग्रजी ‘सर’ येतो, त्याला हा दुसरा ‘सर’ कोणी सांगितलाच नव्हता. तो सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

इंग्रजी ‘सर’ आणि फारसी ‘सर’ यांचे नाते नाही. पहिला लॅटिनमधल्या ‘वडील’ या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंचमार्गे आला. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या नावामागे १९११ मध्ये लागला तो हाच. दुसऱ्याचा अर्थ डोके, आणि संस्कृत ‘शिरस्’ हा त्याचा सख्खा भाऊ. मराठीने हे नाते व्याकरणकारांच्या आधीच ओळखले असावे. फारसी ‘सरपेच’ आपल्याकडे ‘शिरपेच’ झाला, ‘सररिश्ता’चा ‘शिरस्ता’ झाला आणि त्यावरून कचेरीतला शिरस्तेदार आला.

डोके म्हणजे प्रमुख, या एका अर्थावर केवढा पसारा उभा राहिला ते पाहावे. कामाचा प्रमुख तो सरकार. सरदार, सरनोबत, सरलष्कर, सरसुभेदार. समुद्रावर सरखेल कान्होजी आंग्रे. महसुलात सरदेशमुख आणि त्याचा दहा टक्क्यांचा हक्क, सरदेशमुखी. पत्राच्या डोक्यावर सरनामा आणि मुलखाच्या टोकाला सरहद्द. मात्र ‘सर’ दिसला की तो हाच, असे समजू नये. ‘सरस’ हा शब्द संस्कृत स आणि रस यांचा, तर ‘सरबत’ अरबी ‘शरबत’चा; त्यांच्यात डोके शोधण्यात अर्थ नाही.

१६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी रघुनाथपंडितांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला. दहा वर्गांत विभागलेल्या या कोशात सुमारे चौदाशे शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. मुजुमदार अमात्य झाला, डबीर सुमंत झाला आणि सरनोबत सेनापती झाला. नेताजी पालकर सरनोबत होते. राज्याभिषेकसमयी हंबीरराव मोहिते सेनापती होते. पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या पत्रांतले शब्द मोजले, तेव्हा १६२८ च्या पत्रात शंभरांत सुमारे चौदाच शब्द मराठी निघाले. १७२८ च्या पत्रात त्र्याण्णवच्या वर. शंभर वर्षांत भाषेने कूस बदलली होती.

परंतु ‘सर’ गेला नाही. गंमत अशी की, ज्या ‘सेनापती’ने सरनोबताची जागा घेतली, त्याच्याच मागे मराठीने पुन्हा ‘सर’ जोडला आणि ‘सरसेनापती’ केला. आज हंबीररावांचे नाव आपण त्याच बिरुदासह घेतो. कोशाने शब्द बदलले; प्रमुखपण दाखवण्याची सवय मात्र बोलणाऱ्यांच्या जिभेवर राहिली.

या वादाचा एक अध्याय आमच्या कोल्हापुरात लिहिला गेला. राजाराम कॉलेजात अध्यापन केलेले माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, फारसीचे जाणकार होते. त्यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध केला. सावरकरांच्या भाषाशुद्धीला प्रथम विरोध करणारे हेच पटवर्धन पुढे तिचे पुरस्कर्ते झाले आणि त्यांनी ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. ज्याला परक्या शब्दांची घराणी ठाऊक होती, त्यानेच त्यांना निरोप देण्याची भाषा करावी, याचे आम्हांला नवल वाटते आणि आदरही वाटतो. त्यांची भूमिका पटो वा न पटो, ती अज्ञानातून आलेली नव्हती.

स्वातंत्र्यानंतरही हा उपसर्ग कामावर आहे. सरचिटणीस आहेत, सरन्यायाधीश आहेत. पंचगंगेपलीकडच्या वडणग्यात, शियेत सरपंच आहेत, आणि त्यांच्या जोडीला उपसरपंच! या एका शब्दात संस्कृत ‘उप’, फारसी ‘सर’ आणि आपला ‘पंच’ कसलीही कुरबुर न करता शेजारी बसले आहेत. आमचा कसबा बावडा महापालिकेच्या हद्दीत असल्याने आमच्या वाट्याला सरपंच नाही. पण ज्या ‘कसबा’ने आमचे गाव गगनबावड्याहून वेगळे ओळखू येते, तो शब्दही अरबीच आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. आनंद सर्वांनाच झाला. प्राचीनत्वाचे पुरावे देताना आपण महाराष्ट्री प्राकृत आणि शिलालेख दाखवले, ते योग्यच. पण आलेल्या पाहुण्याला कामाला लावून घरचा करणे हेही भाषेच्या वयाचेच लक्षण नव्हे काय? आम्हांला भय परक्या शब्दांचे वाटत नाही. आपलेच शब्द आपल्याला परके होतील, याचे वाटते. त्या विद्यार्थ्याला ‘सर’ इंग्रजी वाटला, याचा दोष त्याचा नाही. तो शिकवणाऱ्यांचा आहे, आणि त्यात आम्हीही आलो.