कानाची दीक्षा

पोरगे सांगितलेले काम करीत नाही म्हणून त्याचे कान गेले असे कोणतीही मराठी आई मानीत नाही. ‘हा माझे ऐकत नाही’ एवढेच ती म्हणते, आणि श्रवण व आज्ञापालन या दोन क्रिया आपल्या भाषेने एकाच क्रियापदाच्या दावणीला बांधल्या आहेत याची तिला जाणीवही नसते. संस्कृतातील ‘शुश्रूषा’ हा शब्द तर मूळचा केवळ ऐकण्याच्या इच्छेचा वाचक. गुरूपाशी बसलेल्या शिष्याची ती इच्छा पुढे सेवा झाली आणि आता रुग्णाच्या उशाशी येऊन बसली आहे. बायबलच्या इब्री भाषेतील ‘शामा’ हे क्रियापद असेच दुपेडी आहे, आणि लॅटिनमधील आज्ञा पाळण्याचा ‘ओबेदीरे’ हा ऐकण्याच्या ‘औदीरे’पासूनच निपजला. देवाची वाणी ऐकण्याला ख्रिस्ती साधनेत जी प्रतिष्ठा लाभली, तिचे जुने दप्तर या धातूंत आहे.

परंतु ऐकू येणे निराळे आणि ओळखू येणे निराळे. बायबलच्या कथेत शिलो येथील मंदिरात निजलेल्या शमुवेल या बालकाला रात्री हाक आली, तेव्हा ती वृद्ध पुरोहित एलीचीच समजून तो तीनदा त्याच्याकडे धावत गेला. ज्याची दृष्टी मंदावली होती त्या एलीनेच अखेर हाकेचा धनी देव आहे हे ओळखले आणि पुन्हा हाक आल्यास उत्तर काय द्यावे हे पोराला शिकविले. अशा शिकवणीची रीतसर घडी मात्र सहाव्या शतकात, इटलीतील माँते कासिनोचा मठाधिपती बेनेडिक्ट याच्या नियमावलीत बसलेली दिसते. ७३ प्रकरणांच्या त्या दस्तऐवजाचा पहिलाच शब्द आहे ‘औस्कुल्ता’, म्हणजे कान देऊन ऐक.

आकाशवाणीची वाट पाहत तेथे कोणी बसत नसे. श्रमाच्या व वाचनाच्या वेळा ऋतुमानाप्रमाणे मुक्रर होत्या. उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येकाच्या हाती एकेक ग्रंथ पडे आणि तो पहिल्या पानापासून सलग वाचावा लागे. वाचनाच्या वेळी कोणी गप्पा छाटीत नाही ना हे पाहण्यास एकदोन ज्येष्ठांची गस्त असे. दुपारी बिछान्यावर पडून वाचणाऱ्याने शेजाऱ्यास उपद्रव देऊ नये, या कलमाचे प्रथम हसू येते. पण त्यावरूनच उमगते की तेव्हाचे वाचन पुटपुटत होई, डोळ्यांनी टिपलेले अक्षर वाचणाऱ्याच्याच कानावर पडे, आणि एकेक वचन गाईच्या रवंथासारखे घोळविले जाई. बाराव्या शतकात कार्थुसियन पंथातील दुसऱ्या गीगोने याच अभ्यासाला वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशी चार पायऱ्यांची शिडी बांधून दिली. शिडी सुबक आहे खरी. मला मात्र ते ओबडधोबड पुटपुटणेच अधिक विश्वासार्ह वाटते.

‘औस्कुल्ता’चे घराणे पुढे वैद्यकातही गेले. १८१६ साली पॅरिसच्या लेनेक या वैद्याने कागदाची गुंडाळी रुग्णेच्या छातीला लावून ठोके ऐकले, आणि त्या परीक्षेला त्याच धातूवरून नाव मिळाले. म्हणजे ‘शुश्रूषा’ जेथे पोचली त्याच खाटेपाशी हाही शब्द येऊन थांबला.

मठात मात्र ऐकण्याचा हा अभ्यास सभेत उपयोगी पडे. मोठे काम निघाले की मठाधिपतीने सर्वांना बोलावून प्रत्येकाचे म्हणणे ऐकावे, कारण अधिक चांगले ते देव पुष्कळदा वयाने लहान असलेल्यालाच सुचवितो, असे बेनेडिक्टचे तिसरे प्रकरण सांगते. निवाडा देण्याचा अखत्यार मठाधिपतीचाच. पण तो सर्वांचे ऐकून झाल्यावर.