उपाय नाही, असे म्हणण्यापूर्वी

तुमसरहून बपेऱ्याकडे जाताना लागणारे सिहोरा हे धानपट्ट्यातले गाव. या भागाला आनुवंशिक आजार नवे नाहीत. सिकलसेल म्हटले की आशाताई, रक्ततपासणी, कार्ड, लग्नाआधीची चौकशी हे सारे लोकांना ठाऊक असते. मस्क्युलर डिस्ट्रॉफीला मात्र अजून अशी ओळख लाभलेली नाही. वर्षागणिक स्नायू क्षीण करत नेणारा हा आजार विरळ आहे, म्हणून ज्या घरात तो येतो त्या घराला आपण एकटेच असल्यासारखे वाटते. त्यात ‘याला उपाय नाही’ हे वाक्य कानावर पडले की पुढचे प्रश्न विचारायचेच राहून जातात. ते प्रश्न वाचकांनी विचारावेत, यासाठी ही ओळख.

मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आजारगटातला सर्वांत परिचित प्रकार ड्युशेन. फ्रेंच वैद्य गिलोम ड्युशेन यांनी १८६८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. सदोष जनुकाचा शोध लागायला १९८६ उजाडले आणि पुढच्याच वर्षी डिस्ट्रॉफिन या प्रथिनाची ओळख पटली. हे प्रथिन स्नायूपेशीचे आवरण सांभाळते. ते नसले की, धुरा खचलेल्या बांधीतून पाणी पाझरावे तसे पेशीतले द्रव्य रक्तात उतरते. म्हणूनच सीपीके ही साधी रक्ततपासणी इतकी मोलाची ठरते: निरोगी मुलात शे-दोनशेच्या घरात असणारा हा आकडा या आजारात हजारोंत जातो. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला हा आजार होतो.

त्याची चाहूल पुष्कळदा शाळेतच लागते. सतरंजीवर बसलेली मुले प्रार्थनेसाठी उठतात. एक मुलगा आधी ओणवा होतो, हात गुडघ्यांवर टेकवतो आणि मांड्यांवर हात चढवत सरळ उभा राहतो. त्याच्या पोटऱ्या भरदार दिसतात, म्हणून कोणी त्याला अशक्त म्हणत नाही. पळताना मागे पडला तर आळशी मात्र म्हणतात. कधी रक्तात एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले पाहून यकृताचे औषध सुरू होते. ही द्रव्ये स्नायूंतूनही येतात, हे तुम्हाला ठाऊक असेल तर ‘सीपीके करून पाहू या का?’ असे डॉक्टरांना विचारता येईल.

आजार मुळातून बरा करणारे औषध आज हाती नाही. जनुकीय उपचारांवर जगभर काम चालू आहे आणि त्यांच्या मर्यादाही समोर येत आहेत. पण सांभाळ ही गोष्ट वेगळी आहे. वेळेवर सुरू केलेल्या स्टिरॉइडने चालणे साधारण दोन-तीन वर्षे अधिक टिकते. वजन, हाडे आणि डोळे यांवर लक्ष ठेवावे लागते आणि ती गोळी मनाने एकाएकी बंद करायची नसते. टाच तळहातात धरून पाऊल हळूच नडगीकडे दाबण्याचा व्यायाम आई-आजीही शिकू शकतात. दरवर्षी हृदयाची इको तपासणी, पुढे रात्रीपुरते श्वासाला मदत करणारे बायपॅप यंत्र, यांमुळे पूर्वी विशीच्या आत थांबणारी आयुष्ये आज तिशीपर्यंत आणि त्याही पुढे जाताना दिसतात. भूल देण्याची वेळ आली तर आजाराचे नाव आधी सांगावे, कारण भुलीची काही औषधे या मुलांना घातक ठरतात.

सिहोऱ्यातील कुटुंबासाठी वाट लांबची आहे, पण अनोळखी नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडी-शाळेत येते, तेव्हाच शंका बोलून दाखवावी. पुढे तुमसरचे उपजिल्हा रुग्णालय, भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय आणि नागपूरचे मेडिकल रुग्णालय किंवा एम्स. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. त्यामुळे दिव्यांगांसाठीचे यूडीआयडी कार्ड, परीक्षेतला लेखनिक आणि शाळेतला रॅम्प ही मेहेरबानी नसून हक्क आहे. दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणातही ड्युशेनचा समावेश असून मुंबईचे केईएम हे त्यातील एक उत्कृष्टता केंद्र आहे.

एका गोष्टीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. सिकलसेलच्या आजारात सदोष जनुक आई-वडील दोघांकडून येते. ड्युशेनमध्ये ते येते ते आईकडून. एवढेच ऐकून घरातल्या सुनेला बोल लावला जातो. प्रत्यक्षात सुमारे एक तृतीयांश मुलांत हा बदल नव्यानेच घडलेला असतो, आणि जिच्याकडून तो आला तिलाही त्याची कल्पना नसते. जनुकीय तपासणी दोष ठरवण्यासाठी नाही. पुढच्या बाळंतपणाचा निर्णय समजून घेता यावा आणि वाहक आईच्या स्वतःच्या हृदयाचीही तपासणी व्हावी, यासाठी ती असते.

नव्या वाचकाने या आजाराविषयी सगळे एकदम वाचण्याची घाई करू नये. मूल आज ज्या टप्प्यावर आहे तो टप्पा नीट समजून घ्यावा आणि त्यापुढचा फक्त एक. मूल चालते आहे तोवर शौचालयात कमोड कसा बसेल आणि उंबऱ्यावरून चाकाची खुर्ची कशी जाईल, याचा विचार सुरू व्हावा. श्वास चांगला आहे तोवर फुप्फुसांची तपासणी व्हावी. एका वहीत तारखा, वजन, औषधे आणि अहवाल लिहून ठेवले, तर नागपूरच्या ओपीडीतली पाच मिनिटेही कारणी लागतात. आणि तुमच्या घरी हा आजार नसला, तुम्ही गुरुजी, अंगणवाडीताई किंवा शेजारी असलात, तर निदान वर सांगितलेली लक्षणे लक्षात ठेवाच. सतरंजीवरून उठणाऱ्या त्या मुलाकडे डॉक्टरांआधी तुमचेच लक्ष जाणार आहे.