मधला माणूस कोणाचा?

आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. आम्ही क्लाउडवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण 'सर्व्हिस ब्रोकर' हा शब्द कानावर आला आणि आम्हाला अकोला-अमरावतीचा कापूस बाजार आठवला. ब्रोकर म्हणजे आपला दलालच की!

क्लाउडवरच्या अ‍ॅपला डेटाबेस लागतो. तो कुठल्या यंत्रावर, कसा उभारला, हे अ‍ॅपला ठाऊक नसतं. मधला ब्रोकर सेवांची यादी दाखवतो, मागितलेली सेवा उभी करतो, अ‍ॅपला तिचा पत्ता आणि किल्ली देतो. काम संपलं की जोड सोडवतो, सेवा मोडतो. 2016 मध्ये 'ओपन सर्व्हिस ब्रोकर एपीआय' या नावानं या व्यवहाराची सामाईक रीत पुढे आली.

आता मागे जाऊ. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. 1867 मध्ये अकोला, बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरला पोचली. मुंबईचा खरेदीदार आणि खेड्यातला शेतकरी एकमेकांना ओळखत नव्हते, म्हणून अडत्या हवाच होता. गिऱ्हाईक आणायचं, तोल करून द्यायचा, चुकारा हाती ठेवायचा, ही सेवा खरीच होती. दुखणं वेगळं. अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय अशा नावांनी किती कापलं, हे शेतकऱ्याला गाडी रिकामी झाल्यावर कळायचं.

त्यावर 1886 मध्ये कारंज्याला नियंत्रित बाजार सुरू झाला, देशातला पहिला. 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजार कायदा आला. बाजाराची जागा ठरली, देखरेखीला समिती आली, दलाल आणि मापाऱ्यांना परवाना लागू लागला. लक्षात घ्या, कायद्यानं दलाल काढला नाही, त्याला चौकट घातली.

पण त्या समितीवर वर्चस्व व्यापाऱ्यांचं होतं. कापूस पिकवणाऱ्याला तिथे खुर्ची नव्हती. नियम झाले, ते ज्याच्यासाठी झाले त्याला न विचारता.

तुमच्यापैकी कोणी ब्रोकर रचत असेल, तर आम्ही एवढंच म्हणू. यादीत सेवेसोबत तिचा खर्चही आधीच दिसू द्या. निरोप पोचला की नाही या शंकेनं तीच मागणी दोनदा आली, तर दोन सेवा उभ्या राहू नयेत; एका गाडीची अडत दोनदा लावण्यासारखंच ते. सेवा अर्धवट उभी राहून फसली, तर ती मोडून टाका, नाहीतर वापर शून्य आणि भाडं मात्र चालू. जोड सोडवली की जुनी किल्ली निकामी झालीच पाहिजे.

आणि हे नियम ठरवताना अ‍ॅप लिहिणाऱ्याला बैठकीला बोलवा. दलालानं यंत्राची गुंतागुंत झाकावी, ते त्याचं कामच आहे. हिशेब झाकला, की तो आपला माणूस राहत नाही. वऱ्हाडातल्या शेतकऱ्यानं या धड्याची किंमत कापसात मोजली आहे.