डेस्कटॉप संगणक : अनपेक्षित चालू-बंद

डेस्कटॉप संगणक आपोआप चालू होणे, काम सुरू असताना एकाएकी बंद पडणे, 'शट डाउन' करूनही न थांबणे किंवा बटण दाबूनही दाद न देणे, असे विद्युतपुरवठ्याशी निगडित बिघाड. लक्षणे एकमेकांच्या उलट दिसली, तरी तपास एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा घटक) आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या मोजक्या तारांपासून सुरू करणे सोयीचे ठरते.

इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स रचना आणली. त्याआधीच्या एटी संगणकाचे बटण हा खराखुरा स्विच होता. मुख्य पुरवठाच त्याने तुटे. एटीएक्समध्ये ते दारावरच्या बेलसारखे झाले : दाबले की आत फक्त वर्दी जाते. ती घ्यायला मदरबोर्डाचा काही भाग सतत जागा असावा लागतो, म्हणून जांभळ्या तारेतून ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा अखंड चालू असतो. वर्दी मिळताच मदरबोर्ड हिरवी तार ग्राउंडला जोडतो आणि एसएमपीएस १२, ५ व ३.३ व्होल्टचे पुरवठे सुरू करतो. ते स्थिरावले की १०० ते ५०० मिलिसेकंदांत राखाडी तारेवर 'पॉवर गुड' संकेत येतो. त्यानंतरच प्रोसेसर कामाला लागतो. २४ पिनांच्या जोडणीत या तारा अनुक्रमे ९, १६ आणि ८ क्रमांकाच्या पिनांवर असतात. सर्व तारा काळ्या असलेल्या नव्या एसएमपीएसमध्ये या क्रमांकांवरच भिस्त ठेवावी लागते.

संगणक आपोआप चालू होत असेल तर आधी बायोसमधील सेटिंग पाहावे. गेलेली वीज परत आल्यावर यंत्राने काय करायचे, ठरलेल्या वेळी किंवा नेटवर्कवरून जागे व्हायचे का, हे तिथे ठरते. बऱ्याच तक्रारी इथेच मिटाव्यात. विंडोजमध्ये 'पॉवरसीएफजी' आज्ञेला 'लास्टवेक' जोडल्यास झोपलेले यंत्र कशामुळे जागे झाले ते बहुधा कळते. सेटिंग ठीक असेल तर बटणाचा संशय घ्यावा. मदरबोर्डावरून 'पॉवर स्विच'ची दोन तारांची जोडणी काढून ठेवावी आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवून यंत्र सुरू करावे. आता ते नीट चालले, तर बटणच आत अडकत होते. बटण चार सेकंद दाबले गेले की यंत्र सक्तीने बंद होते. अडकलेल्या बटणामुळे सुरू होताच बंद पडणारा संगणक त्यामुळे एसएमपीएस बिघडल्यासारखा वाटतो.

बंद न होण्याच्या तक्रारीमागे विंडोज ८ पासून आलेले 'फास्ट स्टार्टअप' असू शकते. ते बंद करून पाहायला खर्च नाही.

चालू असताना बंद पडणाऱ्या यंत्रात ते कसे बंद पडते, हे बारकाईने पाहावे. प्रोसेसर फार तापला तर यंत्र थेट बंद होते. पंख्यात अडकलेली धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट ही नेहमीची कारणे. बंद न पडता पुन्हा सुरू होत असेल तर निळा पडदा दिसण्याआधीच विंडोज रीस्टार्ट करत नाही ना, हे तपासावे. विंडोजच्या 'कर्नल-पॉवर ४१' या नोंदीवर मात्र विसंबू नये. यंत्र नीट बंद झाले नव्हते, एवढेच ती सांगते. कारण सांगत नाही. वीज गेल्यावर घरचा इन्व्हर्टर भार उचलतो त्याच वेळी संगणक पुन्हा सुरू होत असेल, तर इन्व्हर्टर 'यूपीएस मोड'वर आहे का ते पाहावे. कारण इन्व्हर्टर भार उचलेपर्यंतच्या खंडात, पूर्ण भार असताना, एसएमपीएस जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो.

बटण दाबूनही काहीच होत नसेल, पण भिंतीवरचा स्विच काही मिनिटे बंद ठेवल्यावर यंत्र पुन्हा चालू होत असेल, तर एसएमपीएसचे संरक्षण मंडल 'लॅच' झालेले (बंद स्थितीतच अडकलेले) असू शकते. मल्टिमीटरवर स्टँडबाय पुरवठा ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आत हवा. मदरबोर्डावरून २४ पिनांची जोडणी काढून हिरवी तार ग्राउंडच्या काळ्या तारेला जोडली की एसएमपीएसचा पंखा सहसा फिरतो, पण नुसता पंखा फिरला म्हणून भार पेलण्याची खात्री मिळत नाही.

१९९९ ते २००७ च्या सुमारास सदोष कपॅसिटरांमुळे असंख्य मदरबोर्ड निकामी झाले. फुगलेले माथे किंवा तपकिरी डाग आजही टॉर्चच्या उजेडात शोधावेत. एसएमपीएस मात्र उघडू नये : २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याच्या मुख्य कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टचा किंवा त्याहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.