किरणोपचारास अर्बुदाचा प्रतिसाद : पूर्वानुमानाच्या प्रयत्नांचा इतिहास

परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयाचे उद्‌घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी झाले, तेव्हा कर्करोगावर वैद्यांच्या हाती मुख्यतः शस्त्र आणि किरण ही दोनच साधने होती. शस्त्राचे फल तत्काळ दिसे. किरणांचे फल कळावयास आठवडे, क्वचित महिने लागत. एकाच अवयवाच्या, एकाच अवस्थेतील कर्करोगाने पीडित अशा दोन रोग्यांस सारखीच मात्रा द्यावी आणि एकाचे अर्बुद विरघळून जावे, दुसऱ्याचे मात्र जसेच्या तसे राहावे, हा अनुभव जेथे जेथे किरणोपचार सुरू झाले तेथे तेथे आला. हा भेद आधीच ओळखता येईल काय, या प्रश्नाचा इतिहास आता शंभर वर्षांहून अधिक जुना झाला आहे.

प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला नव्हे. डहाणू आणि तलासरी हे पूर्वी ठाणे जिल्ह्यात व १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात असलेले वारली वस्तीचे तालुके घ्यावेत. मुंबईच्या उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या त्या २०१३ साली; चर्चगेटपासून हे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर भरते. तलासरी गावास तर रेल्वे नाहीच. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर बाहेरून द्यावयाचे किरण आठवड्यास पाच दिवस याप्रमाणे सुमारे पाच आठवडे चालतात आणि त्यापुढे अंतःस्थ किरणोपचार करावे लागतात. एवढा काळ परळास राहणे म्हणजे हाताशी आलेली भातलावणी किंवा कापणी सोडणे होय. मध्येच रक्तस्राव थांबला की रोगीण गावी परतू पाहते, यात तिचा दोष तो कोणता? परंतु एकूण उपचार आठ आठवड्यांपलीकडे लांबला, तर पुढील प्रत्येक दिवसागणिक रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असे अनेक ठिकाणच्या अनुभवावरून दिसून आले आहे. जिच्या अर्बुदास किरणांचा उपयोग होणार नाही, तिला या दिव्यातून न नेता दुसरा मार्ग दाखविता आला, तर ते ज्ञान अमोल ठरेल.

या दिशेने पहिला नियम मांडला तो फ्रान्समधील बेर्गोनिए व त्रिबोंदो या दोघांनी, १९०६ साली. उंदरांच्या वृषणांवर क्ष-किरण सोडून त्यांनी असे अनुमान काढले की, ज्या पेशी वेगाने विभागतात व ज्यांचे विशेषीकरण अपुरे असते, त्यांवर किरणांचा आघात अधिक होतो. या नियमाने कर्करोगावर किरण का चालतात हे समजले; पण दोन सारख्या दिसणाऱ्या अर्बुदांतील भेद त्याने सांगता येईना. पुढे ग्लुक्समन व स्पिअर यांनी केंब्रिज येथे उपचार चालू असतानाच गर्भाशयमुखाच्या अर्बुदाचे तुकडे पुन्हा पुन्हा काढून त्यांतील विभागणाऱ्या, विशेषित व मृतप्राय पेशी मोजल्या. बॉस्टन येथे रूथ ग्रॅहम यांनी १९४७ साली योनिस्रावातील पेशींवरून तोच अंदाज बांधण्याचा यत्न केला. पद्धती साध्या व स्वस्त होत्या. परंतु पेशी पाहणाऱ्याच्या नजरेवर निकाल अवलंबून राहिल्याने त्या सर्वत्र रुजल्या नाहीत.

प्रश्नास गणिताचे रूप आले १९५६ साली. पक व मार्कस यांनी कोलोरॅडो येथे एकेक पेशी काचेच्या बशीत वाढवून, किरणांनंतर किती पेशींपासून वसाहती निर्माण होतात हे मोजले. तोवर पेशी मारावयास हजारो रॉंटजेन लागतात अशी समजूत होती. येथे आढळले की आरंभीचा वळणाचा भाग सोडला तर मात्रा सुमारे शंभर रॉंटजेनांनी वाढली की तगणाऱ्या पेशी ३७ टक्क्यांवर येतात. या पेशी 'हेला' नावाच्या होत्या, म्हणजे हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या अर्बुदातून १९५१ साली घेतलेल्या. तिच्यावर रेडियमचे उपचार झाले होते, तरी त्याच वर्षी ४ ऑक्टोबर रोजी ती मरण पावली. बशीत किरणांस इतक्या सहज बळी पडणारी पेशी तिच्या देहात मात्र रेडियमला पुरून उरली. पेशीचा अंगभूत स्वभाव कळला म्हणजे अर्बुदाचे भवितव्य कळले असे नव्हे, हे या एका उदाहरणावरून उघड होते.

राहिलेला दुवा प्राणवायूचा होता. त्वचेवर दाब देऊन तिचा रक्तपुरवठा कमी केला असता किरणांचा दाह सौम्य होतो, हे श्वार्झ यांनी १९०९ सालीच नोंदविले होते. पण त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. ग्रे व त्यांचे सहकारी यांनी १९५३ साली या बाबीस नेमकेपणा दिला. प्राणवायूरहित पेशी मारण्यास सुमारे अडीच ते तीनपट मात्रा लागते. टॉमलिन्सन व ग्रे यांनी १९५५ साली फुप्फुसाच्या अर्बुदांचे छेद तपासून दाखविले की रक्तवाहिन्यांपासून दूर गेलेल्या पेशी मृत होतात; तेव्हा मृत व जिवंत यांच्या सीमेवर अर्धपोटी राहिलेल्या पेशी किरणांपासून बचावत असल्या पाहिजेत. टोरांटो येथील बुश व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली गर्भाशयमुखाच्या रोगिणींचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रक्तक्षय असलेल्यांत श्रोणिभागातील रोग अधिक वेळा उलटत असे.

डहाणू-तलासरीच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे पान हेच होय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. आणि या पट्ट्यातील आदिवासी समाजांत सिकलसेलचाही आढळ आहे. अर्थात रक्त वाढविले की किरण चालतील, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. डोके व मान यांच्या कर्करोगात रक्त वाढविणारे एरिथ्रोपोएटिन देऊन पाहिले असता अर्बुद उलट अधिक बळावले, असे हेन्के यांच्या २००३ सालच्या जर्मन पाहणीत दिसून आले. रक्तक्षय हे कारण किती आणि वाढलेल्या रोगाचे लक्षण किती, हा वाद मिटलेला नाही.

मँचेस्टर येथे कॅथरिन वेस्ट यांनी १९९० च्या दशकात रोगिणीच्या अर्बुदातील पेशी घेऊन २ ग्रे मात्रेनंतर किती तगतात ते मोजले, आणि हे प्रमाण उपचाराच्या यशाशी जुळते असे दाखविले. पण वसाहती वाढावयास आठवडे लागत आणि कित्येक नमुने वाढतच नसत. निकाल हाती येईतो उपचार उरकलेला असे! त्याच दशकात तिरुवनंतपुरम येथील प्रादेशिक कर्करोग केंद्रात तोंडाच्या कर्करोगाच्या रोग्यांत उपचाराच्या आरंभीच्या दिवसांत पेशी खरवडून त्यांतील सूक्ष्मकेंद्रके मोजली गेली. आपल्याकडच्या रोगास व खर्चास साजेशी अशी ही पद्धत अधिक चर्चिली जावयास हवी होती.

मुंबईचे कार्य या प्रवाहात वेगळ्या वाटेने आले. टाटा स्मारक रुग्णालय १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे गेले. डहाणूच्या दक्षिणेस तारापूर येथे १९६९ साली वीज देऊ लागलेले केंद्रही याच विभागाच्या छत्राखालचे. या रुग्णालयाने २००३ ते २०११ या काळात तिसऱ्या 'ब' अवस्थेतील ८५० स्त्रियांवर तुलना केली. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले : केवळ किरण घेतलेल्यांपैकी ४६ टक्के पाच वर्षांनंतर जिवंत होत्या, तर सिस्प्लॅटिनची जोड मिळालेल्यांपैकी ५४ टक्के. ही आकडेवारी समूहाचे उत्तर देते. ४६ मध्ये कोण आणि ५४ मध्ये कोण, हे ती आधी सांगत नाही.

ते सांगण्याचा अलीकडील दावा जनुकांचा आहे. फ्लोरिडातील संशोधकांनी २००९ साली ४८ पेशीवाणांच्या आधारे दहा जनुकांचा निर्देशांक मांडला आणि २०१७ साली त्यास किरणांच्या मात्रेची जोड दिली. सूत्र सुबक आहे. मात्र त्यात दिलेली मात्रा व तिचे हप्ते येतात. रोगिणीच्या रक्तातील हिमोग्लोबिन आणि लावणीमुळे चुकलेले दिवस त्यात येत नाहीत. जनुकांच्या चाचणीस अर्बुदाचा तुकडा व सुसज्ज प्रयोगशाळा लागते. हिमोग्लोबिन मोजावयास बोटाचा एक थेंब रक्त पुरते, आणि ती सोय प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते.