फळीचा गुण की हाताचा?

इ. स. १९५२ च्या फेब्रुवारी महिन्यात मुंबईस टेबल-टेनिसच्या जागतिक स्पर्धा भरल्या. आशिया खंडात या स्पर्धा भरण्याची ती पहिलीच वेळ. इंग्लंडचे लीच आणि बर्गमन, अमेरिकेचा राइझमन असे नामांकित खेळाडू मुंबईत उतरले होते. त्यांच्यापुढे जपानचा हिरोजी सातो म्हणजे अगदीच अनोळखी माणूस. अंगाने किरकोळ, डोळ्यांवर चष्मा. परंतु त्याच्या हातातील बॅट मात्र निराळी होती. तिच्या लाकडी फळीवर जाड स्पंज चिकटवलेला होता.

तोवर सगळ्यांच्या बॅटींवर बारीक दाण्यांचे पातळ रबर असे. चेंडू त्यावर आपटला की टक् असा आवाज निघे आणि त्या आवाजावरून समोरच्याला फटक्याचा जोर ओळखता येई. सातोच्या स्पंजाने तो आवाजच गिळून टाकला. चेंडू मुकाट्याने येई, पण येई बाणासारखा. भल्याभल्यांचा अंदाज चुकला. अंतिम सामन्यात हंगेरीच्या कोचियानला हरवून सातो जगज्जेता झाला.

वाचकहो, तेव्हापासून जो तो बॅटीकडे बोट दाखवू लागला. ‘माणूस नव्हे, स्पंज जिंकला’ असे म्हणणे हरलेल्याला सोयीचेच असते. पण पुढची हकीकत पाहा. सातोला जागतिक एकेरीचे अजिंक्यपद पुन्हा कधी मिळाले नाही. उलट त्याचाच देशबांधव ओगिमुरा याने स्पंजाचीच बॅट घेऊन १९५४ आणि १९५६ अशी दोनदा बाजी मारली. ओगिमुरा कसून मेहनत करणारा खेळाडू होता. तेव्हा स्पंज दोघांकडेही होता. टिकली ती मेहनत.

अखेर १९५९ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने नियम बांधून दिले. नुसता स्पंज बाद झाला. दाण्यांचे साधे रबर फार तर २ मिलिमीटर जाडीचे, आणि स्पंजावर रबर चढवलेले असेल तर सगळे मिळून ४ मिलिमीटर, अशी मर्यादा ठरली. फळीचा आकार, लांबीरुंदी आणि वजन यांवर मात्र बंधन नाही. फळी सपाट व ताठ असावी आणि तिच्या जाडीत शेकडा ८५ भाग तरी नैसर्गिक लाकूड असावे, एवढाच आजचा नियम आहे. उरलेल्या जागेत कार्बनच्या तंतूंचा पातळ थर घालण्याची मुभा आहे. सगळी महागाई शिरते ती बहुधा याच फटीतून!

मी मास्तर माणूस. दिवाळीच्या सुमारास एखादे पालक गाठतात आणि विचारतात, “सर, मुलगा कार्बनच्या बॅटीसाठी हट्ट धरून बसलाय. घेऊन टाकू का?” बोनस हाती येण्यापूर्वीच त्याला वाटा फुटलेल्या असतात, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. मी त्यांना सांगतो, घेऊ नका.

कारण सरळ आहे. कार्बनने फळी ताठ आणि वेगवान होते. नवशिक्याच्या हातून चेंडू आधीच टेबलाबाहेर जात असतो; त्यात आणखी वेगाची भर कशाला? त्याला हवी साधी, पाच थरांची, निव्वळ लाकडाची फळी. थर विषम असतात, कारण मधल्या जाड गाभ्याच्या दोन्ही अंगांना सारखेच थर बसवावे लागतात. गाभ्यालगतच्या थराचे रेषे आडवे ठेवले की फळी वाकत नाही. अशा फळीवर चेंडू टेकला की त्याची थरथर मुठीपर्यंत पोचते. फटका मधोमध बसला की कडेला, हे हाताला आपोआप कळू लागते. हीच तर शिकवणी!

दुकानात ‘ऑल-राउंड’ जातीची फळी मागावी. वजन ८० ते ९० ग्रॅमच्या आसपास असले म्हणजे पुरे. मूल लहान असेल तर हलकी बरी. मूठ मुलाच्या हातात देऊन पाहावी. रबर वेगळे घेऊन चिकटवता येते. त्याखालचा स्पंज दीड ते पावणेदोन मिलिमीटरचा असावा, फार जाड नको. रबर झिजले की बदलावे. फळी नीट सांभाळली तर वर्षानुवर्षे चालते. म्हणून पैसे मोजायचे ते लाकडाच्या चांगुलपणाला, नावाच्या झगमगाटाला नव्हे. जे वाचतील त्यांतून डझनभर चेंडू घ्यावेत आणि पोराला रोज तासभर खेळू द्यावे.

मुलगा दोन दिवस रुसेल. मग टेबलापाशी जाईल, आणि चेंडू दहा वेळा जाळीपलीकडे नीट पडला की ओरडत तुम्हालाच बोलवायला येईल. तेव्हा तुम्हीही दुसरी बॅट उचलून समोर उभे राहा.